ऑफरोडिंग ट्रिपचा शेवटचा दिवस : ट्रेल नेमकी संपते कुठे?

चिखल्या

मित्रांबरोबरची ऑफरोड ट्रिप नुकतीच आटोपली. वर्णन आणि फोटो सवडीने टाकतो. त्याआधी एका मुद्द्यावर इथल्या जाणत्यांचं मत हवंय.

ट्रिपचा आराखडा ठरतो तेव्हा पहिल्या दिवसावर खल होतो, मधल्या अवघड टप्प्यांवर तर भांडणंच होतात. शेवटच्या दिवसापुढे मात्र दोनच शब्द लिहिलेले असतात, ‘परतीचा प्रवास’. माझ्या मते सगळ्यात गुंतागुंतीचा दिवस हाच. सकाळी उरलेली ट्रेल, दुपारी डांबर, संध्याकाळी हायवे. तिन्हीसाठी टायरमधली हवा वेगळी, गिअर वेगळा, वेग वेगळा. आणि हे सगळं करायचं त्याच अंग ठणकत असलेल्या माणसाने, जो मनाने आदल्या रात्रीच घरी पोहोचलेला असतो.

यावेळी सकाळचा टप्पा असा होता: आधी गोट्यांचं नदीपात्र, मग शाडूसारख्या ओल्या मातीचा चढ, पलीकडे तसाच उतार, आणि तो उतरला की थेट डांबरी रस्ता. एकाला लवकर पोहोचायचं होतं. बोलत काही नव्हता, पण दर थांब्याला घड्याळ बघत होता. तेवढं पुरतं. बघता बघता सगळा ताफा त्याच्या घड्याळावर चालायला लागला. नदीपात्र आदल्या दिवशी पायी उतरून पाहिलेलं होतं म्हणून निभावलं. चढावर मधली गाडी अर्ध्यात थांबली आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. लगेच वरून आरोळी, “थांब, टोचन लावतो!” आणि दोरी थेट वरच्या गाडीच्या मागच्या टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला) अडकवायला निघाले. आमच्या स्पॉटरने, म्हणजे बाहेर उभं राहून खुणांनी वाट दाखवणाऱ्याने, ती काढायला लावली. गाडी रिव्हर्समध्ये सरळ खाली घेतली, टायरची आणखी थोडी हवा सोडली आणि दुसऱ्या प्रयत्नात ती स्वतःच्या पायांनी वर आली. दोरी लागलीच नाही.

खरा वाद झाला तो डांबराच्या तोंडाशी. निम्म्या मंडळींचं म्हणणं, “हवा पुढच्या पंपावर भरू, चला.” पंप जवळ नव्हता. शेवटी थांबलो, पण लोकांची तोंडं बघण्यासारखी होती.

तर माझा मुद्दा. डांबर लागलं म्हणजे ट्रेल संपली, असं नाही. हवा भरून झाली, गाडीखाली वाकून पाहिलं आणि चालकाचा पाय हायवेला सरावला की मग ती संपते. म्हणून डांबराच्या तोंडाशी तासाभराचा थांबा आराखड्यातच लिहायचा, आणि शेवटच्या दिवशी अवघड काही ठेवायचं नाही. बोला.

अर्धा क्लच

पहिल्या भागाला +१. दुसरा अजिबात पटला नाही.

अवघड टप्पा शेवटच्या दिवशीच हवा. कारण उघड आहे. पहिल्या दिवशी हात बसलेला नसतो, गाडी किती तिरकी झाली की पोटात गोळा येतो आणि प्रत्यक्षात किती तिरकी चालते याचा अंदाज नसतो. स्पॉटरच्या खुणाही कळत नाहीत, तो डावीकडे म्हणतो आणि हा उजवीकडे वळवतो. शेवटच्या दिवसापर्यंत हे सगळं जुळून आलेलं असतं. मग त्या तयार झालेल्या हाताने काय सपाट माळावरून गाडी पळवायची?

ग्रीसगन

हात तयार असतो हे मान्य. गाडीचं काय? शेवटच्या दिवशी ती सगळ्यात दमलेली असते. स्टेपनी बहुतेक वेळा आधीच वापरलेली. दोरी ओली आणि चिखलाने भरलेली. नायलॉनची दोरी ओली असताना तिची ताकद कमी होते, आणि आत शिरलेली वाळू तिचे धागे आतून कापत राहते. शॉकच्या बुशेसनी मार खाल्लेला, एक्सलचा रबरी बूट कुठे फाटला असेल तर अजून कुणाच्या लक्षात आलेला नाही.

दुसरं, अवघड टप्प्यात अपयशाला वाव ठेवावा लागतो. काही मोडलं तर दुरुस्तीला दिवस हाताशी पाहिजे. तो शेवटच्या दिवशी नसतो. अवघड जे काय ते शेवटून दुसऱ्या दिवशी ठेवा. हातही बसलेला असतो आणि एक दिवस शिल्लकही राहतो.

अर्धा क्लच

शेवटून दुसऱ्या दिवसावर तडजोड करायला तयार आहे. पण मग परतीचा दिवस फक्त सामान बांधण्याचा होतो, हे माझं दुःख कायम.

सरळमार्गी

माझ्याकडे साधी गाडी आहे. ती डांबरावर सुरू होते आणि डांबरावरच बंद होते. तुमचे हे धागे वाचून तिच्यावरचं प्रेम वाढतं. चालू द्या.

नवशिका चालक

धागा अगदी वेळेवर आला. पहिलीच ट्रिप ठरते आहे, गाडी पार्ट-टाइम फोर बाय फोर, म्हणजे हवं तेव्हाच चारही चाकांना ताकद देणारी. दोन बाळबोध प्रश्न.

१. टायरची हवा कमी असताना डांबरावर हळूहळू पंपापर्यंत गेलं तर काय बिघडतं?
२. फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) डांबरावर वापरू नये असं सगळे म्हणतात. पकड तर वाढतेच ना? पाऊस असेल तर उलट चांगलं नाही का?

ग्रीसगन

बाळबोध कसले, हे दोन प्रश्न विचारायला लाजल्यामुळे बरेच गिअरबॉक्स गेलेत.

आधी हवा. ट्रेलवर आपण हवा कमी करतो, कारण टायर जमिनीवर पसरतो. रुंदीला फारसा नाही, लांबीला जास्त. जमिनीला टेकणारा पट्टा लांब झाला की वजन विभागलं जातं आणि टायर वाळूत रुतत नाही, खडकावर धरून राहतो. साधारण ३० ते ३५ पीएसआयवर चालणारी गाडी खडीवर २५च्या आसपास आणि मऊ वाळूत १५ ते १८पर्यंत आणतात. त्याखाली साध्या रिमवरून टायर निसटायची भीती.

मात्र कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला बाजूच्या भिंतीत दुमडतो आणि सरळ होतो. या दुमडण्यातून उष्णता तयार होते. ट्रेलवर वेग कमी म्हणून ती निघून जाते. डांबरावर वेग वाढला की साठत जाते, आणि टायरची भिंत आतल्या आत सुटायला लागते. बाहेरून काही दिसत नाही. तो त्या दिवशी फुटेलच असंही नाही, पुढच्या आठवड्यात हायवेवर फुटेल आणि तुम्ही कंपनीला शिव्या द्याल. शिवाय वळणावर गाडी लोळल्यासारखी वागते, ब्रेक मारल्यावर सरळ राहत नाही. पंप अगदी समोर दिसत असेल तर रांगत जा. नाहीतर जागेवर भरा.

जागेवर भरताना कॉम्प्रेसर थेट बॅटरीला क्लिपांनी जोडायचा आणि इंजिन चालू ठेवायचं. लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावला की फ्यूज उडतो. छोटे कॉम्प्रेसर तापून मध्येच बंद पडतात, त्यांना विश्रांती द्यावी लागते. म्हणून चिखल्यांनी म्हटलेला तास खरोखर लागतो. आणि एक, टायर तापलेले असताना भरलेली हवा गार झाल्यावर कमी दिसते. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब ढोबळमानाने १ ते २ पीएसआय पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवायच्या आधी परत मोजा.

आता फोर हाय. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठा वळसा घेतात, म्हणजे जास्त फिरतात. पार्ट-टाइम गाडीत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर, नसतो. फोर हायमध्ये पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट जखडलेले असतात, दोघांनी सारखंच फिरायचं. मातीवर एखादं चाक थोडं घसरतं आणि तो फरक भरून निघतो. डांबर घसरू देत नाही. मग पीळ शाफ्टमध्ये, युनिव्हर्सल जॉइंटमध्ये आणि ट्रान्सफर केसच्या दात्यांमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळत उडी मारल्यासारखी करते, आणि लिव्हर टू हायमध्ये (फक्त दोन चाकांना ताकद) यायलाच तयार नसतो. तसा अडकला तर ओढाताण करू नका. सरळ रेषेत थोडं रिव्हर्स या, पीळ सुटतो, लिव्हर आपोआप येतो.

ओल्या डांबरावरही तेच. ओलं झालं तरी ते डांबरच. ज्यांच्या गाडीला मधला डिफरन्शियल आहे त्यांचं वेगळं. ते कायम फोर बाय फोर चालवू शकतात, फक्त मधलं लॉक काढलं आहे ना एवढं बघायचं.

नवशिका चालक

एवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद!

लो रेंज

चिखल्यांनी टो बॉलचा विषय ओझरता काढला, तो तसा सोडून देण्यासारखा नाही.

टो बॉल ट्रेलर ओढण्यासाठी असतो. ट्रेलर हळूहळू ताण देतो. रुतलेली गाडी झटक्याने काढताना येणारा ताण त्याच्या कितीतरी पट. बॉलची मान तुटते, ताणलेली दोरी तो लोखंडी गोळा भिरकावते आणि तो काच फोडून आत येतो. यात माणसं मेली आहेत. जगभर कुठल्याही ऑफरोड प्रशिक्षणात पहिल्या तासाला हेच सांगतात. दोरी फक्त चेसीला बसवलेल्या, त्यासाठीच बनवलेल्या पॉइंटला.

शॅकलवर (दोरी अडकवायच्या लोखंडी कडीवर) कोरलेला आकडा वाचा. पाऊण इंचाच्या बो शॅकलवर सहसा ४.७५ टन लिहिलेलं असतं. काहीच लिहिलेलं नसेल तर ते शॅकल घरी पडदे टांगायला ठेवा. कायनेटिक दोरी साधारण ३० टक्क्यांपर्यंत ताणते आणि ओढायचं काम त्या ताणातून होतं. विंचची (गाडीवरच्या दोरी गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची) दोरी किंवा साधा पट्टा झटक्यासाठी वापरायचा नाही, कारण तो ताणत नाही, सगळा धक्का थेट लोखंडावर येतो. बघ्यांनी दोरीच्या लांबीच्या किमान दीडपट लांब उभं राहायचं. दोरी ओलांडायची नाही. व्हिडिओ काढणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागतं.

आणि हे सगळं माहीत असलेली माणसंच शेवटच्या दिवशी विसरतात. पहिल्या दिवशी आम्ही गाडी काढायला अर्धा तास चर्चा करतो. कुठून ओढायचं, फावड्याने आधी माती काढायची का, वगैरे. शेवटच्या दिवशी कुणीतरी “लाव रे पटकन” म्हणतो आणि सगळे लावतात. तुमच्या स्पॉटरला माझा सलाम सांगा. घाईतल्या मित्रांना नाही म्हणणं फार अवघड असतं.

तुम्ही गाडी सरळ रिव्हर्समध्ये खाली घेतलीत तेही बरोबर. चढावर थांबलेली गाडी आडवी वळवायला गेलं की उलटते.

चिखल्या

सलाम पोहोचवला. तो म्हणाला, त्याला घाई नव्हती कारण त्याला घरी गेल्यावर माळा आवरायचा होता.

उतारावरचंही सांगतो, तिथे मजा झाली. फोर लो (चारही चाकांना ताकद, सगळ्यात कमी वेग), पहिला गिअर, दोन्ही पाय बाजूला, इंजिनच्या जोरावर उतरायचं, एवढंच ठरलं होतं. चौथ्या गाडीचं मागचं अंग बाजूला सरकायला लागलं. अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि चाकं थांबली की गाडी घसरगुंडीवर बसल्यासारखी जाते. वॉकीटॉकीवर दोघेतिघे एकदम ओरडत होते, “ब्रेक!” “ब्रेक नको!” त्या बिचाऱ्याला काय कळणार. तरी त्याने ॲक्सिलरेटरला किंचित पाय लावला, चाकं गाडीच्या वेगाला आली आणि नाक सरळ झालं. खाली उतरल्यावर वॉकीटॉकीवर एका वेळी एकानेच, स्पॉटरनेच, बोलायचं असा ठराव मंजूर झाला. शेवटच्या दिवशी.

मागची सीट

मी गाडी चालवते, पण या धाग्यावर मागच्या सीटवरून लिहिते, कारण आयडीला जागावं लागतं.

तुम्ही सगळे टायर आणि शाफ्टबद्दल बोलताय. शेवटच्या दिवशीचा सगळ्यात धोक्याचा भाग चालकाच्या पापण्यांमध्ये असतो. ट्रेलवर झोप येत नाही, दर मीटरला निर्णय असतो. डांबर लागलं, आवाज कमी झाला, एसी लागला की शरीर एकदम सोडून देतं. त्यात दुपारचे दोन ते चार. आमच्याकडे नियम आहे: ट्रेल ज्याने चालवली त्याने हायवे चालवायचा नाही. ज्याला सकाळी मागे बसवलं होतं, तो संध्याकाळचा चालक. त्यावरून रुसवेफुगवे होतात, “माझी गाडी, मीच चालवणार” हेही होतं. होऊ दे. दुसरा चालक नसेल तर दर दोन तासांनी थांबा आणि डोळे जड झाले तर बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं झोपा. खिडकी उघडणं, मोठ्याने गाणी लावणं यांनी झोप जात नाही, फक्त ती गेल्यासारखी वाटते.

अजून एक. ट्रेलवर वेग कमी असल्यामुळे मागे सामान कसंही टाकलेलं खपतं. जॅक, पाना, शॅकल, ओली दोरी सगळं पायाशी लोळत असतं. हायवेच्या वेगाला जोरात ब्रेक लागला की ते पुढे येतं आणि मध्ये मी असते. हवा भरण्याच्या त्या तासात सामान बांधणं हे मागच्यांचं काम समजा. सगळ्यांनी कॉम्प्रेसरभोवती उभं राहून हवा लवकर भरत नाही.

अर्धा क्लच

“आयडीला जागावं लागतं” :)

चालक बदलण्याचा नियम आमच्या ग्रुपमध्ये कुणी मांडला तर ग्रुप फुटेल. पण मुद्दा बिनतोड.

लो रेंज

रच्याकने (जाता जाता), ताफा कुठे सोडता तुम्ही? आमच्यात डांबर लागलं की जो तो सुटतो. कुणाचा रेडिओ बंद, कुणी पुढे वीस किलोमीटर. मग मागे कुणाची गाडी तापून उभी राहिली तरी कळत नाही. ट्रेलवर प्रत्येक गाडी आरशात मागच्या गाडीवर नजर ठेवते, फाट्यावर मागची दिसेपर्यंत थांबते. हा नियम डांबरावरही पहिला तासभर तरी पाळावा. जे काही बिघडायचं ते बहुधा त्या तासात बिघडतं.

चिखल्या

अगदी. आम्ही पहिल्या मोठ्या थांब्यापर्यंत एकत्र गेलो. तिथे प्रत्येकाने उतरून चाकांजवळ हात नेऊन पाहिला. एकाचं चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच गरम होतं. ब्रेक डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला होता. रस्ताभर किंचाळत होता म्हणे, पण गाण्यांत ऐकू आलं नाही.

नवशिका चालक

माझा एक मित्र परवाच अशा ट्रिपहून आलाय. साठ-सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं म्हणतो. अलाइनमेंट गेलं का?

ग्रीसगन

आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घालायला सांगा. तिथे चिखल वाळून बसलेला असतो, एका बाजूला जास्त, म्हणून चाकाचा तोल जातो. पाण्याचा जोरदार फवारा आतून मारा. बहुतेक वेळा थरथर तिथेच संपते. नाही संपली तर मग बॅलन्सिंग, अलाइनमेंट, टाय रॉड एंड या क्रमाने बघा.

तसंच डांबराच्या तोंडाशी गाडीखाली वाकून काय बघायचं ते सांगतो. सुकलं गवत सगळ्यात आधी. ते एक्झॉस्टजवळ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पत्र्याखाली जाऊन बसतं. कन्व्हर्टर चालताना काहीशे अंशांवर असतो. हायवेवर अशा गवताने गाड्या पेटल्या आहेत. काठीने काढा, हाताने नको. मग रेडिएटरच्या जाळीतला चिखल, नाहीतर पहिल्या लांब चढाला काटा वर जाईल. मग ब्रेकच्या नळ्या, एक्सलचे बूट, कुठे तेलाचा ताजा डाग. रिकाम्या रस्त्यावर हलके ब्रेक दोनचारदा दाबून पॅड साफ आणि कोरडे करून घ्या.

नदी ओलांडली असेल तर घरी आल्यावर डिफचं (डिफरन्शियलचं) तेल बघाच. चालून तापलेला डिफ गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हवा ये-जा करायची नळी) बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधट दिसलं की बदलायचं, “पुढच्या सर्व्हिसिंगला बघू” नाही.

मागची सीट

आणि गाडी धुताना चाकांच्या कमानीतला चिखल लगेच काढा. त्यात तिकडच्या तणांचं बी असतं, ते इकडे रुजतं. शक्य असेल तर ट्रेल सोडतानाच झाडून घ्या.

अर्धा क्लच

चिखल्या, थांब्याचा तास मान्य. शेवटून दुसऱ्या दिवसाची तडजोड मान्य. पुढच्या ट्रिपचा आराखडा तू टाक, मी शेवटच्या दिवशी कॉम्प्रेसर सांभाळतो. पण सकाळचं एखादं नदीपात्र ठेव राव.

चिखल्या

नदीपात्र ठेवतो. आदल्या संध्याकाळी पायी बघायला तू जायचंस. गुडघ्याच्या वर पाणी लागलं तर वळसा घ्यायचा, तिथे चर्चा नाही.

नवशिका चालक

शेवटचा प्रश्न. ट्रेलवर चाक बदलावं लागलं तर नट परत कधी तपासायचे?

ग्रीसगन

डांबराच्या थांब्यावर एकदा, आणि पुढे ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर परत. समोरासमोरच्या जोड्यांनी, तिरक्या क्रमाने. पान्यावर पाय देऊन उभं राहू नका, स्टड ताणला जातो. टॉर्कचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.